हुकूम धाडा, सैन्य नको!

पत्राने बुद्धिबळ खेळणारे दोघे एकमेकांना पट पाठवीत नाहीत. फक्त चाल कळवतात. संगणकावरील युद्धखेळांचे इंजिन, म्हणजे खेळाचे सर्व गणित करणारा गाभा, पुष्कळदा हीच युक्ती वापरतो.

१९९७ चा 'एज ऑफ एम्पायर्स' हा खेळ सेकंदाला २८,८०० बिट, म्हणजे ३,६०० बाइट, वाहणाऱ्या मोडेमवर चालावा असा रचला होता. समजा, पटावर १,५०० सैनिक आहेत. प्रत्येकाची जागा सांगायला ८ बाइट धरले, तर एका वेळचा निरोप १२,००० बाइटांचा होईल. तो पोचायला तीन सेकंदांहून अधिक वेळ लागेल! म्हणून नवीन जालन्यातला खेळाडू कुंडलिकेपलीकडच्या मित्राला फक्त हुकूम धाडतो. दोन्ही संगणक तो ठरलेल्या एकाच पाळीला अमलात आणतात आणि सारे युद्ध आपापल्या घरी मांडतात.

मात्र दोन्हीकडचे गणित तंतोतंत जुळले पाहिजे. एका पटावरचे हरीण केसभर सरकले, तर काही मिनिटांनी तिथल्या शिकाऱ्याचा भाला चुकतो आणि पुढे दोघे मित्र दोन निराळी युद्धे लढू लागतात.

पडताळा घ्या. १ मधून ०.३ वजा करा. ०.३, ही वजाबाकी आणि ४ यांचा गुणाकार करा. आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा पुन्हा करा. तुम्ही सर्व अंक ठेवा. मित्राने दर वेळी तीनच दशांश स्थळे ठेवावीत. अकराव्या वेळी तुमच्याकडे सुमारे ०.१६६ येईल, मित्राकडे ०.८०३!

म्हणूनच चांगले इंजिन थोड्या थोड्या वेळाने दोन्ही पटांचा ताळा करते. तो जुळला नाही, तर खेळ थांबवते.