शब्दविचार : ‘पंक्तिप्रपंच’

‘अन्याय’ हा शब्द चौथीच्या मुलास ठाऊक असतो. परंतु कोणतीही गैर गोष्ट घडली की तो तेवढाच एक शब्द उच्चारतो. अन्यायाच्या निरनिराळ्या छटांसाठी मराठीत स्वतंत्र शब्द आहेत. त्यांपैकी ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द शिकविताना शिक्षकांनी पुढील क्रम ठेवावा.

अर्थ : पंक्ती म्हणजे ओळ, ‘पंगत’ हे तिचेच रूप. एकाच पंगतीत एकाच्या भातावर तुपाची धार आणि शेजाऱ्याचा भात कोरडा, असे वाढणे म्हणजे पंक्तिप्रपंच. पुढे समान हक्काच्या माणसांना असमान वागविणे या व्यापक अर्थीही हा शब्द रूढ झाला. उदाहरणार्थ, ‘वह्या वाटताना पंक्तिप्रपंच करू नये.’

जवळचे शब्द : ‘पक्षपात’ म्हणजे एका पक्षाकडे झुकणे. ज्याने मध्यभागी राहावयाचे, त्या पंचाचा किंवा न्यायाधीशाचा हा दोष. ‘दुजाभाव’ म्हणजे आपल्यातल्याच माणसास परके लेखणे. हा मनात वसतो आणि वागण्यात दिसतो. ‘सापत्नभाव’ हा शब्द सावत्र नात्यावरून आला आहे. वर्गात सावत्र आईजवळ वाढणारे मूल असू शकते. म्हणून त्याचे उदाहरण देताना जपावे.

भेद : वेगळी वागणूक म्हणजे प्रत्येक वेळी पंक्तिप्रपंच नव्हे, हे मुलांना अवश्य पटवावे. मंद दृष्टीच्या मुलास फळ्याजवळ बसविणे किंवा उपाशी आलेल्यास आधी वाढणे, यांत अन्याय नाही. कसोटी सोपी आहे : वेगळे वागविण्याचे कारण साऱ्या पंगतीस मोठ्याने सांगता येते काय? कारण लपवावे लागत असेल, तर तो पंक्तिप्रपंच समजावा.

शब्दाची मर्यादा : हा शब्द पंगतीत बसलेल्यांची तक्रार बोलतो, ज्यांना पंगतीतच बसू दिले नाही, त्यांच्याविषयी तो मुका आहे. जातवार वेगळ्या पंगती बसत, तेव्हा प्रत्येक पंगतीत सर्वांस सारखे वाढले तरी अन्याय उरतच असे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, ती याच अन्यायाच्या मुळावर घाव घालण्यासाठी.

शाळेतील पंगत : २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळांत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. त्यामुळे आता पंगत शाळेतच बसते. दुर्बल व वंचित घटकांतील बालकांबाबत भेदभाव होऊ न देण्याचे कर्तव्य शिक्षणहक्क अधिनियम, २००९ याने शासनावर व स्थानिक संस्थांवर टाकले आहे. वर्गात ते शिक्षकांच्या हातूनच पार पडते. कोणते मूल नेहमी टोकाला बसते, केर काढण्यास कोणाचे नाव वारंवार पुकारले जाते, याकडे शिक्षकांनी स्वतः लक्ष द्यावे. मुले शब्दाचा अर्थ फळ्यावरून लिहून घेतात. परंतु शिकतात तो गुरुजींच्या आणि बाईंच्या वागण्यावरून.

स्वाध्याय : (१) ‘पक्षपात’, ‘दुजाभाव’ व ‘पंक्तिप्रपंच’ यांचा प्रत्येकी एका वाक्यात उपयोग करवून घ्यावा. (२) वेगळी वागणूक असूनही अन्याय नाही, असा एक प्रसंग मुलांकडून सांगवावा.