कुंड कसे घडते?

धबधबा दगडाला वरून खाली कोरत जातो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. देवकुंड पाहिल्यावर ती टिकत नाही. रायगड जिल्ह्यातील भिऱ्याहून रानातून दोन-अडीच तास चालत आम्ही पाच मित्र तेथे पोहोचलो. (भिऱ्याचे वीजगृह १९२७ सालचे, मुळशीचे पाणी घाट उतरून तेथे येते. त्यापायी बुडालेल्या गावांची कथा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनला आहे. सर्व थर सारखे कठीण नसतात. वरचा थर घट्ट आणि खालचा सच्छिद्र असला, की उसळते पाणी व त्यात फिरणारे गोटे खालचा थर आधी पोखरतात. मग निराधार झालेला वरचा कडा कोसळतो. धबधबा असा मागे मागे सरकतो व पायाशी कुंड खोदत राहतो. म्हणूनच काठ उथळ असला तरी धारेखाली तळ एकदम खचतो, आणि पडणारे पाणी पोहणाऱ्याला खाली दाबते.

ही माहिती मी मोठ्या ऐटीत सांगत असतानाच आमच्यातला एकजण धारेकडे पोहत निघाला. गावच्या वाटाड्याने त्याला ओरडून परत बोलावले. खरे तर आम्हाला त्याचा रागच आला. पण तो कड्याकडे बोट दाखवीत होता. पांढरी धार तांबूस झाली होती, पाचोळा खाली येत होता. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता. तो घाटमाथ्यावर पडत होता, आणि उघड्या कातळात पाणी मुरत नाही.

येताना घोट्याएवढा असलेला ओढा गुडघ्याला लागला. पलीकडे जाऊन वळून पाहिले, तो ज्या चपट्या दगडावर बसून भाकरी खाल्ली होती, तो दिसेना.