गुन्हा कृत्याचा, जन्माचा नव्हे

विद्यार्थीमित्रहो, फौजदारी न्याय म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें पोलीस, बेड्या व तुरुंग उभे राहतात. परंतु हीं त्या व्यवस्थेचीं केवळ बाह्य अंगें होत. तिचा पाया एका तत्त्वावर आहे: मनुष्याचें कुळ पाहून नव्हे, तर त्याचें कृत्य सिद्ध झाल्यावरच त्यास शिक्षा द्यावी.

हें तत्त्व सोडल्यास काय होतें, याचें उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे. इंग्रज सरकारनें 1871 सालीं ‘गुन्हेगार जमातीं’चा कायदा केला आणि कित्येक जमातींतील निरपराध माणसें जन्मानेंच संशयित ठरलीं. कोल्हापूर संस्थानांतही कांहीं जातींच्या लोकांस नित्य हजेरी द्यावी लागे. ज्यास रोज हजेरी द्यावयाची, तो परगांवीं मजुरीस जाणार कसा? आणि मजुरी नाहीं, तर मुलांनीं खावें काय? आपल्या कसबा बावड्यांतील लक्ष्मीविलास राजवाड्यांत 26 जून 1874 रोजीं जन्मलेल्या राजर्षि शाहू छत्रपतींनीं 1918 सालीं ही हजेरी बंद केली व फासेपारध्यांसारख्यांस विश्वासानें काम दिलें. इंग्रजांचा तो कायदा मात्र स्वतंत्र भारतांत, 1952 सालीं रद्द झाला.

आज फिर्याद नोंदल्यावर पोलीस तपास करितात. अटक केलेल्या मनुष्यास, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आंत दंडाधिकाऱ्यापुढें उभें करावें लागतें. पुरावा मिळाल्यास आरोपपत्र दाखल होतें व न्यायालयांत साक्षी होतात. गुन्हा सिद्ध करण्याचा भार सामान्यतः सरकार पक्षावर असतो. वाजवी संशय उरल्यास आरोपी सुटतो. निर्धन आरोपीस सरकारी खर्चानें वकील मिळतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता व तिच्या जोडीचे दोन कायदे लागू झाले. तरी हीं मूलतत्त्वें कायम आहेत. जिल्हा न्यायालय आपल्या बावड्यांतच आहे, आणि ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचें फिरतें खंडपीठही कोल्हापुरांत बसूं लागल्यानें अपिलासाठीं मुंबई गांठण्याचे कष्ट वांचले आहेत.

नासरेथ हें गांवाचें नांव ऐकूनच नथनेलानें प्रभु येशूविषयीं शंका घेतली, तेव्हां फिलिप्पानें वाद न घालतां त्यास स्वतः येऊन पाहावयास सांगितलें. न्यायाची रीत हीच. पालकहो, वर्गांत एखादी वस्तु हरवली म्हणजे कोणत्या वस्तीच्या मुलाकडे प्रथम बोट दाखविलें जातें, याचा घरीं विचार व्हावा. न्यायाचें शिक्षण तेथूनच सुरू होतें.