एकाने वाचावे, घराने ऐकावे

पाठासाठी शास्त्रभाग: नहेम्या ८:१-१२, अनुवाद ६:४-९, प्रकटीकरण १:३

आपल्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ ख्रिस्ती घरांत पवित्र शास्त्राची एक प्रत असते. ती स्वच्छ फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवलेली असते, रविवारी खाली उतरते, व उपासना आटोपली म्हणजे पुन्हा वर जाते. ग्रंथाविषयी आदर नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु रोज वाचता काय, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: वेळ सापडत नाही. हे उत्तर खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. सोयाबीन काढणीला आले असता अथवा कापूस वेचणीला आला असता पहाटेपासून अंधार पडेपर्यंत माणसाला उसंत नसते. तथापि ज्या दिवसांत शेतात काम नसते त्या दिवसांतही ग्रंथ कोनाड्यातच राहतो. यावरून अडचण केवळ वेळेची नव्हे, हे उघड आहे.

आमच्या मते खरी अडचण ही की, वाचनाचा नेम आपण एकट्याने व एकट्यासाठी धरतो. असा नेम मोडला तर विचारणारा कोणी नसतो. म्हणून ह्या पाठात एकच गोष्ट सांगावयाची आहे: ज्याला वाचता येते त्याने घरातील इतरांना ऐकू जाईल असे वाचावे. ऐकणारे त्याचा नेम राखतील.

१. शास्त्रातील वाचन

यरुशलेमेत पाणीवेशीपुढील चौकात लोक जमले, तेव्हा एज्रा शास्त्री याने नियमशास्त्राचा ग्रंथ पहाटेपासून दुपारपर्यंत वाचला. ऐकणाऱ्यांत पुरुष होते, स्त्रिया होत्या, व ज्यांना समजत होते असे सर्व होते. लेवी त्यांना अर्थ समजावून देत होते, आणि लोक ऐकून रडू लागले. त्या समुदायातील किती जणांना अक्षर येत होते हे शास्त्र सांगत नाही; ऐकून समजले, एवढेच सांगते.

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात बापाला आज्ञा आहे ती अशी की, देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवावी. घरी बसता, वाटेने चालता, निजता व उठता त्यांविषयी बोलावे. ह्या चारही प्रसंगी हातात पुस्तक असलेच पाहिजे असे नाही. परंतु बोलावयाला कोणीतरी जवळ असले पाहिजे. पौलाने कलस्सैकरांस लिहिलेले पत्र तेथील मंडळीत वाचून झाल्यावर लावदिकीयाच्या मंडळीतही वाचावयाचे होते. आणि प्रकटीकरणाच्या आरंभी जो आशीर्वाद आहे तो नीट पाहावा. तेथे वाचणारा एक आहे व ऐकणारे अनेक आहेत. धन्य मात्र दोघांनाही म्हटले आहे. ज्याला अक्षर येत नाही तो ह्या आशीर्वादाबाहेर नाही.

कूशी अधिकाऱ्याची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. तो रथात बसून यशयाचे पुस्तक मोठ्याने वाचीत होता, म्हणूनच फिलिप्पाला ते ऐकू आले व समजते काय असे विचारता आले. तो मनातल्या मनात वाचीत असता तर रथ तसाच पुढे गेला असता. एकांतात वाचणे वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. बिरुया येथील लोक दररोज शास्त्रात शोध करीत, व त्याबद्दल त्यांची वाखाणणी झाली आहे. परंतु ज्याचा नेम अजून बसलेला नाही त्याने आरंभ मोठ्याने वाचण्यापासून करावा.

२. आपल्या महाराष्ट्रातील दोन उदाहरणे

पंडिता रमाबाई यांची आई लक्ष्मीबाई ही भल्या पहाटे, घरकामाला लागण्यापूर्वी, मुलीला जागे करून संस्कृत पाठ देत असे. रमाबाई सुमारे आठ वर्षांच्या होत्या तेव्हा हे शिक्षण सुरू झाले व सुमारे पंधराव्या वर्षापर्यंत चालले. घर गरीब, यात्रेकरूंचे, एका ठिकाणी न राहणारे. तरी पाठ चुकला नाही, कारण तो दोघींचा होता. हा संस्कार हिंदू घरातला, हे सांगावयास आम्हाला संकोच वाटत नाही. पुढे त्याच बाईंनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून सबंध पवित्र शास्त्राचे भाषांतर सोप्या मराठीत केले. साध्या बायामाणसांना ऐकताच कळावे हा त्यांचा हेतू होता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या, व केडगावच्या मुक्तिसदनातून ते भाषांतर १९२४ साली संपूर्ण प्रसिद्ध झाले.

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने जात असता एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, व तो वाचण्याचे त्यांनी कबूल केले. ग्रंथाचे प्रथमदर्शन त्यांना फारसे रुचले नव्हते. पण शब्द दिला होता म्हणून ते वाचीत गेले, आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांसारख्या कवीलाही आरंभीची पाने ओलांडण्यास दुसऱ्याला दिलेला शब्दच उपयोगी पडला. मग आपल्याला एकट्याच्या निश्चयावर का विसंबावे?

३. देगलूरच्या बाजूची स्थिती

देगलूर हा तालुका तीन राज्यांच्या सीमेजवळ आहे. १९४८ सालापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, व दरबारची आणि वरच्या शाळांची भाषा उर्दू होती. घरात मराठी, बाजारात तेलुगू व कानडी, कचेरीत उर्दू, अशा स्थितीत गरीब माणसाच्या वाट्याला मराठी अक्षरओळख थोडीच आली. आज मुले शाळेत जातात. तरी एका घरात लिहिणारी नात व अंगठा उठविणारी आजी एकत्र नांदतात. ही आपली उणीव म्हणून झाकून ठेवू नये. ज्या घरात वाचणारा व ऐकणारा दोघेही आहेत त्या घरात नेमाची निम्मी तयारी झालेलीच आहे.

आपल्या शेजाऱ्यांकडेही पाहावे. संत गुंडा महाराज व पुढे धुंडा महाराज यांच्यामुळे देगलूरचे नाव वारकऱ्यांत सर्वत्र झाले आहे. श्रावणात गावोगाव पोथी लावतात. एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, व दिवसभर राबलेले लोक बसून ऐकतात. ज्यांना एक अक्षर येत नाही अशा म्हाताऱ्यांना ओव्याच्या ओव्या पाठ असतात. पोथी ऐकण्याची ही चाल आपल्या पूर्वजांच्या अंगवळणी पडलेली होती. ख्रिस्ती झाल्याने कान गेले नाहीत.

४. नेम कसा बसवावा

वेळ घड्याळावर नव्हे, घरातील रोजच्या कामावर बांधावी. दिवा लागल्यावर, चुलीवरची शेवटची भाकरी उतरली व ताटे वाढावयाची आहेत, अशा वेळी सर्वजण जवळ असतात. तेव्हा दहा मिनिटे पुरेत.

आरंभ उत्पत्तीपासून करावा असा पुष्कळांचा आग्रह असतो. परंतु लेवीयातील यज्ञविधींपाशी आल्यावर नवखा वाचणारा थकतो. म्हणून मार्काचे शुभवर्तमान घ्यावे. त्याचे अध्याय १६ आहेत. रोज अर्धा वाचला तर ३२ दिवसांत ते पुरे होते. सबंध नव्या कराराचे अध्याय २६० आहेत. आठवड्यातून पाच दिवस एकेक अध्याय वाचला तर बरोबर ५२ आठवड्यांत तो संपतो, आणि शनिवार उजळणीस व रविवार मंडळीस मोकळा राहतो. नीतिसूत्रांचे अध्याय ३१, म्हणून ते महिन्याच्या तारखेप्रमाणे वाचता येतात. ११९ वे स्तोत्र १७६ वचनांचे आहे, पण त्याचे आठ आठ वचनांचे २२ भाग असल्याने ते थोडे थोडे घेता येते.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नये. चुकलेल्या दिवसांची बाकी सावकाराच्या व्याजाप्रमाणे चढू दिली म्हणजे माणूस ग्रंथाकडे तोंड दाखवीनासा होतो. रानात इस्राएल लोकांनी मान्ना रोजच्या रोज गोळा केला. आपणही जेथे राहिले तेथून आजचा भाग घ्यावा.

वाचून झाल्यावर ऐकणाऱ्यांपैकी एकाने तो भाग आपल्या शब्दांत सांगावा. आज आजीने, उद्या लहान मुलाने. यामुळे वाचणाराही सावकाश व स्पष्ट वाचू लागतो. सून मदनूरकडची असेल तर तिच्यासाठी तेलुगू, औरादकडची असेल तर कानडी शास्त्र घरात ठेवावे, व कधी कधी तिने वाचावे. तीमथ्याला बालपणापासून शास्त्राची ओळख होती, आणि आजी लोईस व आई युनीके यांचा विश्वास त्याला लाभला होता, हे घरातील बायांनी विसरू नये.

सर्वांत महत्त्वाचे हे की, घरात वाचणारे दोघे तयार करावे. वाचणारी मुलगी लग्न होऊन सासरी जाते, मुलगा हैद्राबादेस अथवा पुण्यास कामाला जातो, आणि त्या दिवसापासून ग्रंथ मुका होतो. मुलगी जाण्यापूर्वी धाकट्या भावाला तिच्या शेजारी बसवावे.

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांना कोपीत मोबाईलवर शास्त्रवाचन ऐकता येते. हे चांगले साधन आहे, त्याचा उपयोग करावा. परंतु ऐकणारा मध्येच झोपी गेला तर यंत्र त्याला विचारीत नाही. म्हणून तेथेही चौघांनी एकत्र ऐकावे व एकाने तो भाग परत सांगावा.

५. प्रचारक बंधूंस

बंधूंनो, रविवारच्या उपदेशासाठी जे वाचतो ते दुसऱ्यांना वाढण्यासाठी; तेवढ्यावर राहिलो तर वाढपी उपाशी राहील. प्रथम आपल्या घरी हा नेम धरावा. मग घरोघर जाल तेव्हा वाचणाऱ्याला, रोज वाचता काय, असे विचारू नये. तो संकोचाने होय म्हणेल. घरातील ज्या माणसाला वाचता येत नाही त्याच्याजवळ बसावे, व ह्या आठवड्यात काय ऐकलेत, असे प्रेमाने विचारावे. त्याने एखादी गोष्ट सांगितली तर त्या घरात ग्रंथ उघडला जात आहे. काही सांगता आले नाही तर रागावू नये. कोनाड्यातील ग्रंथ मागून घ्यावा, त्याच माणसासाठी अर्धा अध्याय वाचावा, आणि पुढील भाग घरातील कोण वाचील हे ठरवून मगच उठावे.

मंडळीत विचारण्याचे प्रश्न

१. एज्राने वाचले तेव्हा ऐकणारे कोण कोण होते?
२. प्रकटीकरणाच्या आरंभी कोणाकोणाला धन्य म्हटले आहे?
३. आपल्या घरी सर्वजण कोणत्या वेळी एकत्र असतात?
४. आपल्या घरातील वाचणारा उद्या परगावी गेला तर ग्रंथ कोण उघडील?