भित्तिपत्रकाचा कागद

भित्तिपत्रक पाहताना आपली नजर चित्रावर व अक्षरांवर खिळते. कागदाचा विचार कोणी करीत नाही. मुद्रकाला मात्र पहिली काळजी कागदाचीच असते.

कागद वनस्पतींच्या तंतूंचा बनतो. हे तंतू हवेतील ओलावा शोषून फुगतात आणि कोरड्या हवेत आकसतात. रंगीत चित्र सामान्यतः निळा, किरमिजी, पिवळा व काळा अशा ४ रंगांत छापतात. एकरंगी यंत्रावर तोच ताव ४ वेळा चढतो. दोन छपायांच्या दरम्यान ताव अर्धा मिलिमीटर वाढला, तरी रंग एकमेकांवर नेमके बसत नाहीत. ओठांची लाली गालावर उतरते आणि अक्षरांना दुहेरी कडा दिसतात.

आर्ट पेपरवर चिनी मातीसारख्या द्रव्याचा गुळगुळीत लेप असतो. तो भिजला की ताव एकमेकांना चिकटतात आणि ५०० तावांच्या रिमाचा ठोकळा होतो.

म्हणून रिमे जमिनीला वा भिंतीला टेकवू नयेत. लाकडी फळ्यांवर आडवी रचावीत. छपाईपूर्वी एक-दोन दिवस ती बांधलेल्या स्थितीतच यंत्राच्या खोलीत ठेवावीत आणि वेष्टन ऐनवेळी सोडावे. पावसाळ्यात उघड्या थप्पीच्या कडा आधी ओल घेऊन लाटांसारख्या होतात. म्हणून उरलेले ताव लगेच झाकावेत. मोठा ताव दोन्ही हातांनी, कोरड्या बोटांनी उचलावा. घामाचा डाग किंवा पडलेली मोड शाईखाली लपत नाही.

बिघडलेला ताव पुन्हा कोरा होत नाही. लहान छापखान्याचा नफा अशा तावांतच वाहून जातो. तेव्हा चांगल्या छपाईची सुरुवात यंत्रापाशी नव्हे, कागदाच्या कोठारात होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.