अंगातली दारे

पायात काटा मोडतो. हात लगेच तिकडे धावतो. काट्याची ही खबर पायाकडून मेंदूकडे नेली कोणी?

आपल्या अंगात दोऱ्यासारखे मज्जातंतू आहेत. खबर त्यांतून जाते, ती विजेच्या रूपाने जाते, एवढे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. पण अंगात तांब्याची तार कुठे आहे? मग वीज निघते कशी?

इंग्लंडात अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली हे दोघे या प्रश्नाच्या मागे लागले. माणसाचा तंतू केसाहून बारीक. त्यात नळी घालणार कशी? म्हणून त्यांनी समुद्रातला माकूल घेतला. कोकणात माकुलाचे कालवण करतात, तोच जीव. त्याचा एक तंतू चांगला जाड, सुमारे अर्धा मिलिमीटर असतो. 1939 च्या ऑगस्टात प्लिमथ गावी त्यांनी त्यात बारीक काचेची नळी सरकवली आणि आतली वीज मोजली. लगेच सप्टेंबरात महायुद्ध पेटले. काम बंद पडले ते काही वर्षे!

युद्धानंतर दोघे पुन्हा कामाला लागले. हिशेब फार किचकट. विद्यापीठाचा मोठा गणकयंत्र तेव्हा बंद होता. हक्सलीने हाताने फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड केली. एका गणिताला तीन आठवडे लागले. 1952 साली उत्तर जगापुढे आले.

ते असे. आपल्या मिठात सोडियम असते. तंतूच्या बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. दोन्हींचे कण विजेने भारलेले. उसाला पाणी देताना आपण दारे धरतो ना? एक वाट मोकळी करतो, दुसरी मातीने बुजवतो. तंतूच्या सालीतही तशीच बारीक दारे आहेत. खबर आली की सोडियमचे दार उघडते, सोडियम आत घुसते. मग ते दार मिटते. पोटॅशियमचे उघडते, पोटॅशियम बाहेर पडते. तोवर पुढचे दार उघडलेले असते. अशी खबर पुढे सरकते.

दोघांना 1963 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण एकेका दाराची वीज कोणी मोजली नव्हती. ती 1976 साली जर्मनीत नेहर आणि साकमन यांनी बेडकाच्या स्नायूवर मोजली.

दात काढताना डॉक्टर हिरडीत सुई देतात. ते औषध सोडियमची दारे अडवते. दुखण्याची खबर मेंदूला पोचतच नाही.

लाल विंचवाचे विष याच्या उलट. ते सोडियमची दारे वेळेवर मिटू देत नाही. खबरांचा नुसता लोंढा सुटतो. घाम येतो, ओकाऱ्या होतात, हातपाय गार पडतात. हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते. लहान पोर यात दगावू शकते. मंत्राने ही दारे मिटत नाहीत, नुसता वेळ जातो. पोराला उचलून तडक दवाखान्यात न्यावे. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावसकर यांनी अशा रोग्यांना प्राझोसिन नावाची गोळी देऊन पाहिली. ती दारांना हात लावत नाही. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, म्हणजे हृदयावरचा भार उतरतो. ती लवकर मिळाली, तर पुष्कळ रोगी वाचतात.