पिशवीचा हिशेब आणि हिशेबाची भाषा

‘सेंद्रिय कापसाची पिशवी वीस हजार वेळा वापरली, तर कुठे ती प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करते’ अशा आशयाचे विधान गेल्या काही वर्षांत आपण सर्वांनी वाचले किंवा ऐकले आहे. विद्यार्थ्यांच्या निबंधांत ते येते. वादविवाद स्पर्धेत प्लास्टिकबंदीच्या विरोधकांचा तो हुकमी मुद्दा असतो. हे विधान निराधार नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तो आकडा आहे. मात्र आकडा जगभर फिरला आणि ज्या वाक्याचे तो उत्तर होता, ते वाक्य अहवालातच राहिले. आकड्याला त्याचे वाक्य परत जोडून देणे हे या लेखाचे काम आहे. भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्यांनी हा विषय का हाताळावा, याचे उत्तर विवेचनातच मिळेल.

१. पद्धतीचा परिचय

एखाद्या वस्तूचा पर्यावरणावर होणारा परिणाम केवळ ती वापरताना किंवा फेकताना मोजून भागत नाही. कच्चा माल मिळवणे, वस्तू घडवणे, तिची वाहतूक, वापर आणि शेवटी तिची विल्हेवाट अशा सर्व टप्प्यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो. या मांडणीला ‘जीवनचक्र मूल्यांकन’ म्हणतात. अशा हिशेबाचा आरंभ बहुधा १९६९ साली कोका-कोला कंपनीने अमेरिकेत करवून घेतलेल्या बाटल्यांच्या तुलनेपासून सांगितला जातो. पुढे १९९७ साली आयएसओ १४०४० या आंतरराष्ट्रीय मानकाने त्याची चौकट ठरवून दिली.

हे मूल्यांकन म्हणजे वास्तवाचे छायाचित्र नव्हे. ते वास्तवाचे ‘प्रतिमान’ असते. प्रतिमानात काही गोष्टी घेतलेल्या असतात, काही सोडलेल्या असतात आणि काही गृहीत धरलेल्या असतात. कोणत्याही प्रतिमानाचे उत्तर वाचण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्या लागतात : एकक, तुलनेचा आधार, हद्द आणि निकष. पिशवीच्या उदाहरणावरून त्या एकेक पाहू.

२. एकक : नेमके काय मोजले?

दोन पिशव्यांची तुलना म्हणजे एका पिशवीची दुसरीशी तुलना नव्हे. दोघींनी करायचे काम आधी ठरवावे लागते. या ठरवलेल्या कामाला ‘कार्यात्मक एकक’ म्हणतात. डेन्मार्कच्या अहवालातील एकक थोडक्यात असे : २०१७ साली डेन्मार्कमधील सुपरमार्केटातून सरासरी २२ लिटर आकारमानाचा आणि १२ किलो वजनाचा किराणा एकदा घरी नेणे.

या एका वाक्यामुळे काय घडते पाहा. अभ्यासात घेतलेली सेंद्रिय कापसाची पिशवी आकाराने लहान होती. ती २२ लिटरचे काम एकटी करू शकत नव्हती. म्हणून हिशेबात एकीऐवजी दोन पिशव्या धरल्या गेल्या आणि भार दुप्पट झाला. यात लबाडी काहीच नाही. नियमाप्रमाणे तसेच करायला हवे होते. पण ‘वीस हजार’ या आकड्यात कापसाच्या शेतीइतकाच शिवणाऱ्याने बेतलेल्या मापाचाही वाटा आहे, हे आकडा सांगत नाही. ते वाक्य सांगते.

३. तुलनेचा आधार : कोणती प्लास्टिकची पिशवी?

इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये असाच एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्याचे एकक होते एका महिन्याची, म्हणजे ४८३ वस्तूंची, खरेदी घरी नेणे. त्यात सुती पिशवीचा हवामानबदलावरील परिणाम पातळ पिशवीइतका उतरण्यासाठी ती १३१ वेळा वापरावी लागेल, असे उत्तर आले. डेन्मार्कमध्ये हवामानबदलाच्याच निकषावर साध्या सुती पिशवीसाठी ५२ हे उत्तर आहे.

दोन्ही देशांनी तुलनेसाठी घेतलेली ‘प्लास्टिकची पिशवी’ वेगळी आहे, हे या फरकाचे एक मोठे कारण. इंग्लंडने दुकानात फुकट मिळणारी अतिशय पातळ पिशवी घेतली. डेन्मार्कने तेथील दुकानांत विकत मिळणारी, अधिक जाड पिशवी घेतली. शब्द एक, वस्तू दोन.

इंग्लंडच्याच अहवालात आणखी एक बोलका तक्ता आहे. पातळ पिशवी एकदा वापरून टाकली, तर सुती पिशवीला १३१ वेळा वापर हवा. सर्व पातळ पिशव्या घरी कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून पुन्हा वापरल्या, तर हाच आकडा ३२७ होतो. पातळ पिशवी खरेदीसाठीच तीन वेळा वापरली, तर तो ३९३ होतो. सुती पिशवी तीच, कापूस तोच. बदलली ती फक्त समोरच्या पिशवीची सवय. आपल्याकडे दुधाच्या पिशव्याही धुऊन, वाळवून ठेवणारी घरे आहेत. अशा घरांसाठी कोणता आकडा लावायचा, हा प्रश्न इंग्लंडच्या तक्त्यातून सुटणार नाही.

४. निकष : कोणता परिणाम?

‘पर्यावरणावरील परिणाम’ हा एकवचनी शब्दप्रयोग फसवा आहे. हवामानबदल, पाण्याचा वापर, जलाशयांत पोषक द्रव्ये साचणे, ओझोन थराचा ऱ्हास असे अनेक परिणाम वेगवेगळे मोजले जातात. डेन्मार्कच्या अहवालात सेंद्रिय कापसाच्या पिशवीसाठी हवामानबदलाच्या निकषावर १४९ वेळा वापर पुरेसा आहे. सर्व निकषांवर एकाच वेळी बरोबरी साधायची असेल, तरच तो आकडा २०,००० होतो. साध्या सुती पिशवीसाठी हेच आकडे ५२ आणि ७,१०० असे आहेत.

या मोठ्या आकड्यांचे मूळ एकाच निकषात, ओझोन थराच्या ऱ्हासात आहे. तो निकष बाजूला ठेवला, तर सर्वांत मोठा आकडा साध्या सुती पिशवीसाठी सुमारे १,४०० आणि सेंद्रिय पिशवीसाठी सुमारे ३,८०० पर्यंत खाली येतो. अहवालाने ही गोष्ट लपवलेली नाही.

आठवड्याचा बाजार हे माप लावून पाहू. ५२ वेळा म्हणजे एक वर्ष, १४९ वेळा म्हणजे जवळजवळ तीन वर्षे, ७,१०० वेळा म्हणजे १३६ वर्षे आणि २०,००० वेळा म्हणजे ३८४ वर्षे. एकाच अहवालातून ‘पिशवी वर्षभर वापरा’ असेही म्हणता येते आणि ‘पणतूपर्यंत वापरली तरी भागणार नाही’ असेही. कोणता निकष आपल्याला महत्त्वाचा, हा निर्णय गणिताचा नाही. तो मूल्यांचा आहे आणि तो उघडपणे घ्यायला हवा.

५. हद्द : काय सोडले?

डेन्मार्कच्या हिशेबात उघड्यावर पडलेल्या पिशव्यांचा परिणाम धरलेला नाही. तेथे कचरा नीट गोळा होतो आणि त्यातील बराचसा जाळून ऊर्जा मिळवली जाते. म्हणून तो परिणाम नगण्य मानला गेला. डेन्मार्कपुरते ते योग्यही असेल.

आता मुंबई आठवा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. शहर बुडाले, त्याच्या अनेक कारणांमध्ये गटारे आणि नाले तुंबवणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांचे नाव घेतले गेले. पातळ पिशव्यांवरील महाराष्ट्राच्या निर्बंधांना या पुराची पार्श्वभूमी होती. पुढे मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने व्यापक प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. गोव्यात तर अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा १९९६ पासूनच आहे. म्हणजे आपल्याकडे धोरण ज्या कारणाने आखले गेले, नेमके तेच कारण डेन्मार्कच्या प्रतिमानाच्या हद्दीबाहेर आहे. तुंबलेला नाला, उकिरड्यावर पिशवी गिळणारी गाय, किनाऱ्यावर येऊन पडणारा कचरा यांना त्या तक्त्यात रकानाच नाही. आपल्या बंदीविरुद्ध तो आकडा वापरणारा वक्ता खोटे बोलत नसतो. तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर वाचून दाखवत असतो.

हद्दीचा प्रश्न उलट दिशेनेही विचारता येतो. जुन्या लुगड्याची किंवा पँटच्या कापडाची पिशवी शिवली, तर कापसाच्या शेतीचा भार कोणाच्या खाती मांडायचा? लुगडे दहा वर्षे नेसले गेले. पिशवी त्याचे उरलेले आयुष्य आहे. सगळा भार लुगड्याच्या खाती टाकला, तर पिशवीकडे फक्त शिलाईचा भार उरतो. याला ‘भाराची विभागणी’ म्हणतात. त्याउलट, बंदीनंतर बाजारात नव्या कापडाच्या स्वस्त पिशव्यांचा ढीग लागला आणि प्रत्येक घरात त्या पंधरा-वीस पडून राहिल्या, तर डेन्मार्कचा इशारा आपल्यालाही लागू पडतो. कापडी पिशवीचे पुण्य कापडात नाही, वारंवार वापरण्यात आहे.

६. एका वस्तूपासून अर्थव्यवस्थेपर्यंत

जीवनचक्राचा माग काढत गेले की साखळी संपत नाही. पिशवीला सूत हवे, सुताला गिरणी, गिरणीला वीज, विजेला कोळसा, कोळशाला रेल्वे, रेल्वेला पोलाद आणि पोलादाला पुन्हा कोळसा. कुठेतरी थांबावे लागते आणि थांबले की काही भार निसटतो. ही अडचण अर्थशास्त्राने वेगळ्या वाटेने सोडवली. वासिली लिओन्तिएफ यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेची ‘आदान-प्रदान कोष्टके’ मांडली. प्रत्येक उद्योग इतर प्रत्येक उद्योगाकडून किती घेतो, हे त्यात चौकटी-चौकटींत लिहिलेले असते. कोष्टक सोडवले, की फिरून येणारी सगळी साखळी एकाच वेळी हिशेबात येते. या कार्यासाठी त्यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७० च्या लेखात त्यांनी कोष्टकाला प्रदूषणाचा रकाना जोडला. पर्यावरण आणि पैसा एकाच मांडणीत आले ते असे.

या पद्धतीने धोरणकर्त्यांना प्राधान्य ठरवता येते. युरोपीय आयोगासाठी २००६ मध्ये झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता, की घरगुती उपभोगाच्या एकूण पर्यावरणीय परिणामांपैकी ७० ते ८० टक्के परिणाम अन्नपेये, खाजगी प्रवास आणि घर या तीनच गटांतून येतात. पिशवी कोणती, यापेक्षा पिशवीत काय भरले आणि ती कोणत्या वाहनातून आणली, हे कितीतरी पटींनी महत्त्वाचे ठरते.

अर्थात कोष्टकालाही मर्यादा आहे. त्यात ‘कापड उद्योग’ असतो, आपल्या गल्लीतला शिंपी नसतो. शिवाय धोरण बदलले की माणसे वागणूक बदलतात आणि स्थिर हिशेबात ते दिसत नाही. आयर्लंडने मार्च २००२ मध्ये प्रत्येक पिशवीवर १५ सेंट कर बसवला. तेथील अधिकृत आकड्यांनुसार माणशी वार्षिक वापर ३२८ पिशव्यांवरून २१ वर आला. कॅलिफोर्नियातील स्थानिक बंदींचा अभ्यास मात्र दुसरी बाजू दाखवतो. तेथे दुकानांतल्या पिशव्यांचे ४ कोटी पौंड प्लास्टिक कमी झाले. पण कचऱ्याच्या डब्यासाठी घेतल्या जाणाऱ्या पिशव्यांची विक्री वाढून १ कोटी २० लाख पौंड प्लास्टिक परत आले. बचत झाली, पण कागदावर दिसत होती तेवढी नाही.

७. भाषेचे काम

वरील चारही मुद्दे मुळात वाक्यार्थाचे आहेत. एकक म्हणजे क्रियापद : नेमकी कोणती क्रिया? तुलनेचा आधार म्हणजे ‘पेक्षा’ या शब्दाच्या आधीचे पद. निकष म्हणजे ‘कशाच्या बाबतीत’. हद्द म्हणजे ‘कुठे, कधी आणि काय वगळून’. ‘कापडी पिशवी बरी की वाईट’ हे वाक्य या पदांशिवाय अपुरे आहे आणि अपुऱ्या वाक्याला दिलेले उत्तर, ते कितीही आकडेमोडीने आलेले असो, अपुरेच राहते.

महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. आपले विद्यार्थी विज्ञान आणि अर्थशास्त्र इंग्रजीत, हिंदीत, कन्नडमध्ये, गुजरातीत किंवा तेलुगूत शिकतात. मराठीच्या तासाला ‘पर्यावरण’ येते ते निसर्गवर्णनाच्या किंवा सद्भावनेच्या निबंधातून. परिणामी हिशेबाची चर्चा एका भाषेत आणि हळहळ दुसऱ्या भाषेत, अशी वाटणी होते. ज्या भाषेत हिशेब तपासता येत नाही, त्या भाषेतला नागरिक सभेत फक्त टाळी वाजवू शकतो किंवा निषेध करू शकतो. प्रश्न विचारू शकत नाही. कार्यात्मक एकक, भाराची विभागणी हे शब्द आज अवघड वाटतील. ‘नेमके काम कोणते’, ‘भार कोणाच्या खाती’ असे विचारले, की ते आपल्या रोजच्या बोलण्यातले होतात.

स्वाध्याय

१. पत्रावळ, स्टीलचे ताट आणि कागदी ताटली यांच्या तुलनेसाठी एकक एका पूर्ण वाक्यात लिहा. ताट घासायला लागणारे पाणी हद्दीत घ्याल का? कारण द्या.

२. ‘मातीचा कुल्हड कागदी कपापेक्षा पर्यावरणपूरक आहे’ या विधानात कोणती पदे गाळलेली आहेत, ती भरून विधान पुन्हा लिहा.

३. आपल्या घरातील एका कापडी पिशवीचे कापड कुठून आले आणि ती आठवड्यातून किती वेळा बाहेर जाते, याची नोंद महिनाभर ठेवा. त्यावरून ती ५२ चा आकडा कधी गाठेल, ते काढा.

४. वर्तमानपत्रातील वस्तूंच्या तुलनेची एक बातमी घ्या. तीत एकक, आधार, निकष आणि हद्द यांपैकी काय दिले आहे आणि काय नाही, ते दाखवून संपादकांना दहा ओळींचे पत्र लिहा.